स्कंक आपल्याकडं असतो का? काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा प्राणी, तो वास आणि आपली उदमांजरं

बालाघाटकर, केज

नमस्कार मंडळी. सध्या आमच्या भागातल्या सगळ्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरायलाय. मांजराएवढा काळाभोर प्राणी, डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढरे पट्टे, शेपटी झुबकेदार. समोर कुत्रं भुंकतंय. हा प्राणी पुढचे पाय जमिनीवर आपटतो, शेपटी उभी करतो, वळतो, आणि कुत्रं केकाटत पळून जातं. खाली लिहिलंय: "मराठवाड्यात नवीन विषारी प्राणी. अंगावर ॲसिड उडवतो, माणूस कायमचा आंधळा होतो. दिसला की मारा."

त्या शेवटच्या वाक्यामुळं हा धागा काढायलोय. परवा रात्री शेजारच्या वस्तीवर पोरांनी काठ्यांनी एक जनावर मारलं, "हाच तो" म्हणून. सकाळी जाऊन बघितलं तर पांढरे पट्टे कुठंच नव्हते. अंग राखाडी-भुरं, कुशीवर ओळीनं काळे ठिपके, पाठीवर लांब काळ्या रेघा, शेपटीला काळी-पांढरी वळी. पाय आखूड, तोंड निमुळतं. वास मात्र होता. उग्र, कपड्याला धरून राहणारा.

व्हिडिओतला प्राणी कोणता, तो आपल्याकडं असतो का, आणि मेलं ते काय होतं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा. इथलं उत्तर मी गावातल्या ग्रुपवर टाकणार आहे, त्यामुळं पोरांना समजेल असं लिहा.

रानवाट, छत्रपती संभाजीनगर

बालाघाटकर भाऊ, आधी मेलेल्या जनावराचं सांगतो, कारण ते आपलं होतं. तुम्ही दिलेलं वर्णन जवादी मांजराचं आहे. काही ठिकाणी त्यालाही लोक उदमांजरच म्हणतात. कुशीवरचे ओळीतले ठिपके आणि शेपटीची वळी एकत्र दिसली की ओळख पक्की. जमिनीवर राहणारं, निशाचर, बुजरं जनावर. उंदीर, घुशी, किडे, सरडे, पडलेली फळं खातं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, त्याला मारणं गुन्हा आहे. हे ग्रुपवर ठळक लिहा.

व्हिडिओतला प्राणी पट्टेदार स्कंक आहे. तुम्ही दिलेला दुवा उघडून पाहिला. मागं चाकं लावलेला कचऱ्याचा उंच डबा, लाकडी फळ्यांचं कुंपण, कापलेली हिरवळ. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्यातरी घराचं मागचं अंगण आहे ते. हा स्कंक दक्षिण कॅनडापासून उत्तर मेक्सिकोपर्यंत राहतो. त्याच्या कुळात ठिपकेदार स्कंक आहेत, लांब उघड्या नाकाचे आणि नाकानं माती उकरणारे स्कंक आहेत. हे शेवटचे तर पार दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडं, पॅटागोनियापर्यंत पोचलेत. भारतात यातला एकही राहत नाही. आपल्याला सगळ्यात जवळ पडणारे या कुळातले प्राणी म्हणजे ‘स्टिंक बॅजर’. त्यांच्या दोन जाती आहेत, एक सुमात्रा-जावा-बोर्निओ या बेटांवर आणि दुसरी फिलिपाइन्समधल्या पालावान बेटाकडं.

पूर्वी स्कंकांना पाणमांजर आणि मार्टेन यांच्या कुळातच धरत. १९९० च्या दशकात डीएनए तपासला गेला आणि १९९७ मध्ये स्कंकांचं कूळ वेगळं मांडण्यात आलं. तेव्हाच हे आशियातले स्टिंक बॅजरही स्कंकांचे सख्खे निघाले. एवढ्या लांबच्या बेटांवर हे नातं टिकून आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता ॲसिडचं. ते ॲसिड नाही आणि विषही नाही. शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन बाजूंना दोन ग्रंथी असतात, त्यांच्यात पिवळसर तेलकट द्रव असतो. प्रत्येक ग्रंथीला बारीक तोंड आहे आणि ते स्नायूंनी वळवता येतं. त्यामुळं स्कंक नेम धरू शकतो. तीनेक मीटरपर्यंत नेम चांगला लागतो, तुषार त्याहून पुढं जातात. डोळ्यांत गेलं तर भयंकर झोंबतं, काही वेळ दिसत नाही. भरपूर पाण्यानं डोळे धुवायचे. कायमचं आंधळेपण येतं हे खोटं आहे.

आणि व्हिडिओत पाय आपटताना दिसतो ना, ते नीट बघायला सांगा पोरांना. ती धमकी आहे. स्कंकाला फवारा उडवायचा नसतो. दोन्ही ग्रंथींत मिळून पाच-सहा फवाऱ्यांपुरताच साठा असतो आणि एकदा रिकामा झाला की भरायला आठवडा-दहा दिवस जातात. तेवढे दिवस तो निःशस्त्र. म्हणून तो आधी थांबतो, तोंड तुमच्याकडं करतो, पाय आपटतो, फुसफुसतो, शेपटी उभारतो. तरीही समोरचा हटला नाही तर अंग इंग्रजी यू अक्षरासारखं वळवतो, म्हणजे डोळेही शत्रूवर आणि शेपटीही शत्रूकडं. ठिपकेदार स्कंक तर पुढच्या दोन पायांवर उलटा उभा राहतो, मागचं अंग हवेत. एवढं सगळं करून झाल्यावरही जो पुढं जातो त्यालाच प्रसाद मिळतो.

लातूरकर, मुक्काम ओंटारियो

मूळचा औशाकडचा, आता बरीच वर्षं कॅनडात. इथं स्कंक हे रोजचं जनावर आहे, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा ओळख झाली ती वासानं नाही, हिरवळीतल्या खड्ड्यांनी. सकाळी उठून बघावं तर घरापुढच्या गवतात जागोजागी छोटे शंकूसारखे खड्डे, गवताची साल उलटलेली. शेजाऱ्यांनी सांगितलं, स्कंक येतोय. का येतोय म्हणून मी एका जागी माती उकरली, तर पांढरी, सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी. वडिलांच्या उसात जी बघत लहानाचा मोठा झालो तीच. आपली हुमणी. जात वेगळी असेल, पण भुंगेऱ्यांचं घराणं तेच. त्या दिवसापासून माझं मत या जनावराबद्दल फार चांगलं आहे. लोक इथं हिरवळ खराब होते म्हणून वैतागतात, पण तो खड्डे करतो तिथं हुमणी आधीच गवताची मुळं खात असते.

अळ्या, टोळ, भुंगे, गांधीलमाश्यांची पोळी, उंदराची पिल्लं, अंडी, पडलेली फळं, कचऱ्यातलं उष्टं, सगळं चालतं त्याला. मधमाश्या पाळणारे फार जपतात. रात्री पेटीच्या तोंडाशी येऊन पंजानं खरवडतो आणि बघायला बाहेर आलेली एकेक माशी गट्टम करतो. त्यावर उपाय म्हणून पेट्या उंच घोडीवर ठेवतात. मग त्याला मागच्या पायांवर उभं राहावं लागतं आणि माश्या उघड्या पोटाला डसतात.

हिवाळ्यात तो अस्वलासारखाच बिळात पडून राहतो. ती पूर्ण शीतनिद्रा नसते, ऊब पडली की बाहेर येतो. पुष्कळदा अनेक माद्या एकाच बिळात दाटीवाटीनं थंडी काढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर हिंडायला लागले की गावभर वास सुरू. मे-जूनमध्ये पिल्लं, आणि थोड्याच दिवसांत आईमागं रांगेनं चालणारी पिल्लं रस्त्याच्या कडेला दिसतात. गाड्यांखाली फार मरतात. त्याची सवयच अशी की संकट आलं की पळायचं नाही, वळून उभं राहायचं. कोल्ह्यासमोर हे चालतं, गाडीसमोर नाही.

आमच्या कुत्र्याला एकदा फवारा बसला. त्या वासाचं वर्णन कसं करावं कळत नाही. लांबून आला तर जळका लसूण आणि रबर. जवळून आला तर वास म्हणून कळतच नाही, घशात आणि डोळ्यांत आग होते. टोमॅटोच्या रसानं धुवा असं सगळे सांगतात, आम्हीही धुतलं, फरक पडला नाही. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि खाण्याचा सोडा वापरून वास गेला. पण एक कोडं आहे: गळपट्टा तसाच राहिला होता, महिन्याभरानं पावसात भिजला आणि वास पुन्हा ताजा. असं का होतं?

मरकॅप्टन, जालना

लातूरकर, तुमच्या कोड्याचं उत्तर देतो. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि हा विषय वर्गात आवर्जून घेतो, कारण पोरांना गंधकाची संयुगं यातून चटकन कळतात.

स्कंकाच्या द्रवात मुख्यतः दोन प्रकारची संयुगं असतात. पहिली थायॉल. त्यात गंधकाच्या अणूला हायड्रोजन जोडलेला असतो. ती लगेच उडतात आणि तो पहिला तडाखा त्यांचाच. आपलं नाक थायॉलला विलक्षण तिखट आहे, हवेत अब्जात काही भाग असले तरी कळतं. याच गुणामुळं घरच्या गॅस सिलिंडरमध्ये मुद्दाम इथाइल मरकॅप्टन मिसळतात. मरकॅप्टन हे थायॉलचंच जुनं नाव. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती झाल्यावर आपल्याला जो वास येतो तो स्कंकाच्या वासाचा जवळचा भाऊबंद आहे. ज्यांना स्कंक कसा घाण येतो याची कल्पना करायची आहे त्यांनी तो वास आठवावा आणि पुष्कळ पट वाढवावा.

दुसरा प्रकार थायोॲसिटेट. यांना स्वतःला फारसा वास नसतो, पण पाणी लागलं की ती हळूहळू तुटतात आणि त्यांतून थायॉल सुटतं. तुमच्या गळपट्ट्यात ती सुकून बसली होती. पाऊस आला, पाणी मिळालं, वास पुन्हा सुरू झाला. पट्टेदार स्कंकाच्या द्रवातली ही संयुगं १९९० च्या सुमारास विल्यम वूड यांनी नीट वेगळी करून ओळखली. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं पुस्तकांतून दुसऱ्याच एका थायॉलचं नाव छापलं जात होतं.

पेरॉक्साइडचा उपाय पॉल क्रेबॉम नावाच्या रसायनतज्ज्ञाचा, १९९३ साली प्रसिद्ध झालेला. अंदाजे एक लिटर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा, एक-दोन चमचे भांडी घासायचा द्रव साबण. पेरॉक्साइड थायॉलला ऑक्सिजन देऊन त्याचं असं आम्ल करतं ज्याला वासच नसतो. सोड्यामुळं द्रावण अल्कधर्मी होतं आणि क्रिया लवकर होते, साबण तेलकटपणा सोडवतो. मिश्रण ताजं करायचं आणि लगेच वापरायचं. बाटलीत भरून बूच लावलं तर आत ऑक्सिजन साठून बाटली फुटते. टोमॅटोनं वास जात नाही. होतं एवढंच की त्या वासात तासभर राहिलं की आपलं नाक थकतं, आणि मग टोमॅटोचाच वास येतो.

जाता जाता: आपल्या जवादी मांजराचा वास याहून अगदी वेगळ्या घडणीचा. त्याच्या ग्रंथी शेपटीखालीच, पण जी कस्तुरीसारखी पेस्ट मिळते तिच्यातला मुख्य पदार्थ सिव्हेटोन. त्यात गंधक नाही, सतरा कार्बनांचं मोठं कडं आहे. १९२६ मध्ये लिओपोल्ड रुझिच्का यांनी ते कडं ओळखलं. इतकं मोठं कडं टिकूच शकत नाही असं तोवर मानत. रुझिच्का यांना १९३९ चं रसायनाचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हे एक.

देगलूरकर

सर, त्या पेस्टबद्दल एक भर घालतो. आम्ही तेलंगणाच्या शिवेवरचे, घरोघरी तिरुपतीला जाणारे लोक. तिथं व्यंकटेशाच्या मूर्तीला अभिषेकानंतर ‘पुनुगु तैलम’ लावतात. ते याच जातीच्या मांजराच्या स्रावापासून करतात. म्हणजे ज्या जनावराला केजकडं काठ्यांनी मारलं, त्याचा सुगंध तिकडं देवाच्या अंगाला लागतो. मला हे वाचून फार वाईट वाटलं. वस्तीवरच्या लोकांना हेही सांगा, कायद्यापेक्षा ते लवकर समजेल.

काळी माती, परभणी

सगळं खरं आहे, पण शेतकऱ्याच्या बाजूनं पण कुणी बोलावं. आमच्या खुराड्यातून एका रात्रीत पाच कोंबड्या गेल्या होत्या. मान धरून मारलेल्या, दोन तशाच टाकलेल्या. आमचे चुलते म्हणले उदमांजर. आता ज्याच्या पाच कोंबड्या जातात त्याला "देवाला तेल लावतात" म्हणून सांगून काय उपयोग? उपाय सांगा.

रानवाट, छत्रपती संभाजीनगर

काळी माती, तुमचं म्हणणं बरोबर आहे. जवादी मांजर कोंबडी मारतं, यात शंका नाही. मुंगूस मारतं, रानमांजर मारतं, गावातलं कुत्रंही मारतं. उपाय खुराड्यात आहे. ही जनावरं खालून किंवा फटीतून शिरतात, म्हणून जाळीच्या खालच्या कडेला फरशी किंवा पत्रा गाडायचा, आणि जाळीची भोकं बारीक हवीत. दार दिवस मावळायच्या आत लावायचं. हे जनावर पूर्ण रात्रीचं आहे, अंधार पडल्यावर निघतं. कोंबडीचे आतडे-पिसं शेताच्या कडेला टाकू नका, त्या वासानंच ते वस्तीकडं येतं.

आणि दुसऱ्या बाजूचा हिशेबही करा. तुमच्या भागात सोयाबीन आणि ऊस आहे, म्हणजे हुमणी आणि उंदीर आहेत. पहिला वळीव झाला की संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे गोळा होतात, बघितलेच असतील. रात्री जमिनीवर उतरलेले, अंडी घालायला मातीत शिरणारे हे भुंगेरे निशाचर जनावरांचं आवडीचं खाणं. लातूरकरांनी सांगितलेलं काम आपल्याकडं एकटा प्राणी करत नाही. जवादी मांजर, मुंगूस, कोल्हा, घुबड, पिंगळे, हुदहुद, शिवाय नांगरामागं फिरणारे बगळे आणि कावळे असे बरेच जण ते वाटून करतात.

सीताफळ, धारूर

मला चिचुंद्रीबद्दल विचारायचं आहे, कारण वास म्हटलं की आमच्या घरात तिचंच नाव निघतं. आमच्या सासूबाई तिला मारू देत नसत. लक्ष्मी म्हणत. रात्री भिंतीकडेनं जाताना पैसे खुळखुळल्यासारखा आवाज करते म्हणून. आता नव्या सुना आल्यात, त्या धान्याच्या खोलीत उंदराचं औषध ठेवतात आणि सकाळी मेलेली निघते ती चिचुंद्री. तिचा नि स्कंकाचा काही संबंध आहे का? आणि ती धान्य खाते का?

गोदाकाठ, नांदेड

सीताफळ ताई, मी प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून उत्तर देते.

संबंध काही नाही. एवढंच नाही, चिचुंद्री उंदीरही नाही. उंदराचे पुढचे दात छिन्नीसारखे आणि आयुष्यभर वाढणारे असतात. चिचुंद्रीचे दात बारीक, टोकदार, किडे फोडण्यासाठीचे. तिचं लांब हलतं नाक, टाचणीच्या डोक्याएवढे डोळे बघा. ती झुरळं, गोम, किडे, अळ्या खाते, क्वचित उंदराची लहान पिल्लंही. घरात धान्याला लागणारे किडे खाणारं हे जनावर आहे. सासूबाईंचं बरोबर होतं.

वास तिच्या कुशीवरच्या ग्रंथींतून येतो. तो फवारत नाही, अंगालाच असतो. म्हणून मांजर तिला पकडतं, मारतं, पण बहुतेक वेळा खात नाही. पिल्लं घेऊन निघाली की आईच्या शेपटीशी पहिलं पिल्लू तोंडानं धरतं, त्याला दुसरं, अशी आगगाडी चालते. एकदा तरी घरातल्या मुलांना दाखवा.

उंदराच्या औषधाऐवजी धान्याच्या खोलीत पिंजरा लावायला सांगा. पिंजऱ्यात चिचुंद्री आली तर लगेच सोडून द्यायची, कारण तिची भूक इतकी सततची की काही तास उपाशी राहिली तरी मरते.

आता रंगाविषयी, कारण तो भाग राहिलाय. स्कंक काळा-पांढरा का? बहुतेक सस्तन प्राणी लपण्यासाठी मातीच्या, गवताच्या रंगाचे असतात. स्कंक उलट करतो. तो संधिप्रकाशात आणि रात्री फिरतो, आणि अंधारात पांढरा पट्टा लांबून दिसतो. "मी आहे, बाजूला हो" हे त्याला आधीच कळवायचं असतं. एकदा फवारा खाल्लेलं जनावर तो नमुना जन्मभर विसरत नाही. कॅलिफोर्नियात याची तपासणी झाली आहे. स्कंकाच्या आकाराच्या आणि दुसऱ्या प्राण्याच्या आकाराच्या प्रतिकृती, रंगांची अदलाबदल करून, रानात खाण्याजवळ ठेवल्या. जिथं स्कंक जास्त, तिथले शिकारी प्राणी अशा प्रतिकृतींपासून जास्त बिचकून राहिले. म्हणजे हे भय बरंचसं अनुभवानं शिकलेलं.

आपल्या रानात हे तत्त्व रोज दिसतं, फक्त किड्यांत. बाजरीच्या कणसावर, मुगाच्या फुलावर येणारे काळ्या-केशरी पट्ट्यांचे हिंगे आठवा. हाताला चिरडले की फोड येतात. त्यांच्या सांध्यांतून निघणाऱ्या द्रवात कँथारिडीन असतं. पाखरं त्यांना टाळतात. ते भडक रंगात, ऐन फुलावर, भर उन्हात बसून असतात, लपत नाहीत. स्कंकाचा पट्टा आणि हिंग्याचा पट्टा एकाच कामाचा.

अपवाद एक: ग्रेट हॉर्न्ड घुबड. अमेरिकेतलं हे मोठं शिंगवालं घुबड स्कंक बिनदिक्कत उचलून नेतं. ते वरून, आवाज न करता येतं, आणि वासाची त्याला फारशी पर्वा दिसत नाही. बालाघाटच्या कड्यांवर आणि आपल्या ओढ्यांच्या दरडींत जे शृंगी घुबड राहतं, ते याच वंशातलं.

बालाघाटकर, केज

गोदाकाठ मॅडम, रानवाट दादा, सगळ्यांचे आभार. वरचं बरंचसं ग्रुपवर टाकलं. चांगली चर्चा चालू झाली. पण एका वडीलधाऱ्या माणसानं दुसरंच सांगितलं: त्यांनी तरुणपणी डोंगरात खरंच काळा-पांढरा प्राणी बघितला होता, आणि तो थडगी उकरतो असं लोक म्हणत. ते खोटं बोलणारे नाहीत. हे काय असेल?

रानवाट, छत्रपती संभाजीनगर

खोटं नसणार. ते चांदी अस्वल असू शकतं, ज्याला बिज्जू किंवा रॅटेल म्हणतात. आखूड पायाचं, बसकं, खालून पूर्ण काळं आणि डोक्यापासून पाठीवर चादर टाकल्यासारखा राखाडी-पांढरा रंग. आपल्याकडच्या सस्तन प्राण्यांत स्कंकाच्या रंगसंगतीला सगळ्यात जवळ जाणारं हेच. कूळ वेगळं आहे, पाणमांजराचं. पण त्यालाही शेपटीखाली ग्रंथी आहे आणि घाबरलं की तो गुदमरवणारा वास सोडतो. नखं लांब, माती फार झपाट्यानं उकरतो. मध, अळ्या, उंदीर, साप, सरडे, मेलेलं जनावर, सगळं खातो. महाराष्ट्रात फार विरळा, कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. थडग्यांच्या गोष्टींमुळं या बिचाऱ्याची आणि उदमांजराचीही उगाच बदनामी झाली. भुसभुशीत माती दिसली की तो उकरतो, मग ती बांधावरची असो की कुठलीही.

त्या आजोबांनी नेमकं कुठं आणि कोणत्या ऋतूत बघितलं ते विचारून इथं लिहाल का? अशा जुन्या आठवणींना फार मोल आहे.

पशुवैद्यक, हिंगोली

एक सूचना माझ्याकडून. वर कुणी रेबीजबद्दल लिहिलं नाही. उत्तर अमेरिकेत स्कंक हा रेबीजच्या मुख्य वाहकांपैकी एक आहे, म्हणून तिकडं दिवसा डुलत चालणाऱ्या स्कंकापासून लोक लांब राहतात. भारतात माणसाला होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्यामुळं. तरी उदमांजर, मुंगूस, कोल्हा, कुणीही चावलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. काठ्या घेऊन घेरल्यावरच असं जनावर चावतं, हे लक्षात घ्या. त्याला वाट मोकळी दिली तर ते पळतं. कुत्र्यांची रेबीजची लस दरवर्षी करा.

लातूरकर, मुक्काम ओंटारियो

डॉक्टरांशी सहमत. इथं सर्वांना तीच शिकवण असते: थांबा, आवाज करू नका, हळू मागं सरका. मी रात्री कचरा टाकायला गेलो आणि दोन हातांवर स्कंक दिसला की आजही तसंच करतो. तो जातो.

रानवाट, ठिपकेदार स्कंकाबद्दल अजून लिहा ना. इथं आमच्या भागात तो नाही.

रानवाट, छत्रपती संभाजीनगर

त्याची गंमत त्याच्या गर्भात आहे. ठिपकेदार स्कंक खारीसारखा चपळ, झाडावर चढणारा, वजनाला किलोच्या आतबाहेर. पश्चिम अमेरिकेतल्या आणि पूर्वेकडच्या ठिपकेदार स्कंकांना दिसण्यावरून वेगळं ओळखणं अवघड. पण पश्चिमेकडचे सप्टेंबर-ऑक्टोबरात जुळतात, गर्भ काही महिने वाढ थांबवून नुसता तरंगत राहतो, गर्भाशयाला चिकटत नाही, आणि पिल्लं एप्रिल-मेमध्ये होतात. पूर्वेकडचे वसंतात जुळतात आणि सरळ दोनेक महिन्यांत पिल्लं देतात. दोघांचा जुळायचा हंगामच वेगळा, त्यामुळं संकर होत नाही. शरीरात फरक न दिसता वेळापत्रकामुळं दोन जाती वेगळ्या राहिल्या. मला स्कंकांच्या सगळ्या अभ्यासात हा भाग सर्वांत सुंदर वाटतो, फवाऱ्यापेक्षाही.

गढीवरची, भूम

उशिरा लिहिते आहे, पण प्रश्न निकडीचा आहे. आमच्या जुन्या वाड्याच्या माळवदाखाली, लाकडी तक्तपोशीच्या वर, काळसर, लांब शेपटीचं मांजर राहतंय. शेपटीला वळी नाहीत. रात्री धावाधाव असते आणि खोलीत वास भरतो. दिवाळीआधी माळवदाची माती काढून दुरुस्ती करायची ठरली आहे. गवंडी म्हणतो धूर करून हाकलू. आत बारीक चिरचिर ऐकू येते, पिल्लं असावीत. काय करावं?

गोदाकाठ, नांदेड

ताई, धूर करू नका. शेपटीला वळी नाहीत आणि वर राहतं, म्हणजे ते उदमांजर, झाडावर चढणारं, फळं खाणारं. जवळपास उंबर, जांभूळ, शिंदीची झाडं असतील. त्याची विष्ठा पाहिलीत तर नुसत्या बिया दिसतील. त्या बिया रुजतात, गढ्यांच्या पडक्या भिंतींवर उगवलेली झाडं पुष्कळदा अशीच आलेली असतात. धुरानं आई पळेल आणि पिल्लं आत गुदमरून मरतील, मग वास आताच्या दसपट येईल.

एका वेळी दोन ते पाच पिल्लं असतात आणि दोनेक महिन्यांत ती आईमागं बाहेर फिरू लागतात. तेवढं थांबता येईल का ते बघा.

रानवाट, छत्रपती संभाजीनगर

थांबता येत असेल तर कृती अशी: ते ये-जा कुठून करतं ते आधी शोधा. भोकाच्या तोंडाशी संध्याकाळी पीठ भुरभुरा, सकाळी पावलं दिसतील. पिल्लं बाहेर यायला लागली की अंधार पडल्यावर तासा-दोन तासांनी, सगळी बाहेर गेल्याची खात्री करून ते तोंड जाळीनं बंद करा. खात्री नसेल तर बंद करू नका. दुसऱ्या रात्री पुन्हा बघा. माळवदावर आलेल्या फांद्या छाटा, रस्ता तोच असतो. आतला वास चुना मारला की कमी होतो.

थांबणं शक्यच नसेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि गवंड्याला ते लोक येईपर्यंत तक्तपोशीला हात लावू देऊ नका.

गढीवरची, भूम

गवंड्याला पुढच्या महिन्यात बोलावलंय. पीठ आज रात्री टाकते आणि पावलांचा फोटो इथं टाकते.